तहान लागली तर सांगायचं

आमच्या सासरी बाळंतिणीला पाच दिवस पाणी देत नसत. दूध चालायचं, शेपा-ओव्याचा काढा चालायचा, चहा तर दिवसातून सहा वेळा चालायचा. पण निव्वळ पाण्याचा घोट म्हणाल तर तो पाचवी पुजून झाल्यावर, सहाव्या दिवशी सकाळी, सासूच्या हातनं. मी सरकारी नोकरीतली नर्स. तीस वर्षं नोकरी केली, त्यातली निम्म्याहून जास्त बाळंतिणींच्या वॉर्डात. आणि तरीही माझ्या स्वतःच्या बाळंतपणात मी हा नियम मुकाट्यानं पाळला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं मी बराच शहाणपणा सांगणार आहे.

माझा मुलगा झाला तो मे महिन्यात. माहेरी माझं करायला कुणी नव्हतं, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. वॉर्डात मी बायकांच्या सासवांवर खेकसायचे, 'पाणी द्या हो तिला, दूध काय हवेतून येणार का?' आणि घरी मी स्वतः खाटेवर पडून ओठांवरून जीभ फिरवत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी माझी थोरली जाऊ कप घेऊन आली. तिला मी आक्का म्हणते. कपात चहा होता म्हणे. त्यात चहाची पूड नावाला, साखर नावाला आणि दूध तर लांबून दाखवलेलं. मी वर पाहिलं तर आक्का म्हणाली, "काय बघायलीस? च्याच हाय. पी गपगुमान." तसले चार कप मी एका दमात प्याले. आमच्या घरातल्या बायकांनी चहाच्या नावावर पिढ्यान्‌पिढ्या किती पाणी पोटात ढकललं असेल, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

या नियमाला कारण होतं आणि ते कारण आमच्या देवघरात बसलेलं होतं. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकलेला एक टाक, सुपारीपेक्षा जरासा मोठा. त्यावर बाईची आकृती. नाकडोळे रोजच्या पुसण्यानं झिजून गेलेले. ही माझ्या सासऱ्यांची पणजी. निजामाच्या अमदानीतली, तेव्हा घराणं औरंगाबादेत बेगमपुऱ्यात राहायचं आणि जमीन हर्सूलला होती. जमिनीचे आता प्लॉट झालेत आणि त्यांतल्याच एकावर आमचं दुमजली घर आहे, खाली आक्का आणि वर मी. त्या पणजीचं माहेर सोयगावचं. पहिला मुलगा तीन वर्षांचा होता, तो म्हणजे आमच्या सासऱ्यांचे आजोबा. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप म्हणून घरात गूळ वाटला, आणि सूर्य मावळायच्या आत बाळंतीण गेली. वय विशीच्या आतबाहेर.

सासूबाई ही हकीगत सांगायच्या ती अशी. बाळंतीण तोंडाची मोठी हावरट होती. बाळ झाल्यापासून पाणी पाणी करत होती. घरातल्यांनी नको नको म्हटलं तरी हिनं कुणाची तरी पाठ वळलेली बघून नहरीचं, म्हणजे कालव्याचं, गार पाणी घटाघटा प्यायलं, ते अंगात भिनलं आणि घडीभरात खेळ संपला. तान्ही मुलगी सोयगावचे मामा घेऊन गेले ते गेलेच, पुन्हा त्यांनी या घराची पायरी चढली नाही. तेव्हापासून आमच्याकडे बाळंतिणीला पाणी बंद.

भाद्रपदात अविधवा नवमीला तिच्या नावानं सवाष्ण जेवायची. नवरा गेला की ती नवमी बंद करतात बऱ्याच घरांत, आमच्यात तो जाऊन शंभर वर्षं झाली तरी चालू होती. पुरणपोळी, खीर, भजी, सगळं साग्रसंगीत. फक्त सवाष्णीच्या ताटाजवळ पाण्याचं भांडं ठेवायचं नाही. ताक द्यायचं. तिला पाणी मानवत नाही, असं सासूबाई म्हणायच्या, जणू ती बाई आतल्या खोलीत निजलेली आहे. एकदा एका सवाष्णीला जेवताना जोराचा ठसका लागला, ती बिचारी डोळ्यांतून पाणी काढत हातानं खुणा करतेय आणि आम्ही दोघी जावा तिला ताकाची वाटी पुढं करतोय. पुढच्या वर्षी ती जेवायला आली नाही.

खरं सांगायचं तर तेव्हा मला त्या पणजीचा रागच यायचा. हिनं चोरून पाणी प्यायलं आणि आमच्या घशाला कोरड! एवढीच माझी अक्कल होती.

मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा माझी बदली सोयगावला झाली. सासूबाईंनी निघताना बजावलं, "जातीस तर जा, पण आपण कुणाचे ते तिथं सांगू नको. त्या लोकांचा आपल्यावर दात हाय." मी म्हटलं, "आत्याबाई, शंभराच्या वर वर्षं झाली, आता कुणाला दात राहिलेत?" त्यांना ते विनोद म्हणून आवडलं नाही.

सोयगावला एक म्हातारी आपल्या नातीला बाळंतपणाला घेऊन आली. काठीला टेकून चालणारी, पण आवाज असा की सगळा दवाखाना सरळ व्हावा. बरोबर कपड्याचं बोचकं आणि तांब्याचा एक तांब्या, वर फुलपात्र पालथं घातलेला. नात बाळंत झाली. मी अजून बाळाची नाळ बांधते आहे तोवर म्हातारी दाराशी येऊन उभी. "झाली का मोकळी? मग सरका, मला तिला पानी पाजू द्या." मी म्हटलं, आजी, जरा थांबा. "थांबायचं नाय," ती म्हणाली, "आमच्या घरात थांबत नसत्यात." आणि तिनं नातीची मान एका हातानं उचलून दुसऱ्या हातानं फुलपात्र तोंडाला लावलं. नोकरीच्या इतक्या वर्षांत मी असं कधी पाहिलं नव्हतं. बाकीच्या सासवा पाणी नको म्हणून भांडायच्या आणि ही पाण्यासाठी भांडत होती.

संध्याकाळी फेरीवर गेले तेव्हा मी सहज विचारलं, आजी, हे असं का. ती म्हणाली, "आमच्या घरातली एक पोर औरंगाबादला दिलती. लई वरसं झाली, माझ्या सासऱ्याच्या आज्याची भन. बाळंत झाली आन पानी पानी करत मेली. भरल्या घरात एकानं घोट दिला नाय. तिची तान्ही पोर आमच्या लोकांनी खांद्यावर आणली. तव्हापासून आमच्यात पोरीला पयलं पानी, मग बाकीचं." तिनं मला त्या मेलेल्या पोरीचं माहेरचं नावही सांगितलं. आमच्या घरात ते कुणालाच माहीत नव्हतं, टाकावर कुठं नाव असतं? ते नाव मी इथं लिहिणार नाही. ते घरातलं आहे.

मी कुणाची सून हे मी म्हातारीला सांगितलं नाही. मला लाज वाटली. सासूबाईंच्या धाकानं गप्प बसले असते तर परवडलं असतं, पण ती लाज खरी होती.

त्या शनिवारी मी एसटीनं घरी निघाले. डोक्यात एकच घोळ. एक घर म्हणतं पाणी प्यायली म्हणून मेली. दुसरं घर म्हणतं पाणी दिलं नाही म्हणून मेली. दोघांतलं खोटं कोण? सिल्लोडच्या स्टँडवर गाडी थांबली, मी उतरून चहा घेतला, आणि कप तोंडाला लावता लावता माझ्या डोक्यात उजेड पडला. खोटं कुणीच बोलत नव्हतं, फक्त दोन्ही घरं पाण्याकडे बघत बसली होती. दोन्ही घरांच्या हकिगतीत एक गोष्ट सारखी होती. बाळंतपण नीट झालं आणि त्यानंतर ती 'पाणी पाणी' करत होती. बाळंतपणानंतर बाईचं रक्त वाहायला लागलं, की पहिल्यांदा तिला तहान लागते. साधी तहान नाही, तोंडाचं लाकूड होतं. ओठ पांढरे पडतात, कपाळाला गार घाम येतो, नाडी पळायला लागते, आणि बाई पाणी मागते. हे मला शिकवलेलं होतं, मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं, माझ्याहून धाकट्या नर्सना मी ते दहा वेळा सांगितलं होतं. आणि देवघरात रोज समोर बसलेल्या बाईच्या बाबतीत मला ते इतकी वर्षं सुचलं नव्हतं! मी स्टँडवर उभ्या उभ्या स्वतःला अशी शिवी घातली की शेजारचा माणूस दचकून बाजूला झाला.

घरी गेल्या गेल्या मी सासूबाईंना आणि आक्काला समोर बसवून सगळं सांगितलं. म्हातारी, तांब्या, पणजीचं नाव, रक्त, सगळं. मला वाटलं होतं घरात खळबळ होईल. सासूबाई जपमाळ ओढत राहिल्या. आक्काच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. "म्हंजी आपल्या घरानं तिला मारलं म्हन की," ती म्हणाली. मी म्हटलं, कुणीच मारलं नाही, तिचं रक्त गेलं. "मग त्या सोयगावच्या बाईचं खरं आन आपलं खोटं? दोन म्हैने झाले न्हाईत तर त्यांची बाजू घ्यायलीस? तू सिस्टर असशील तुझ्या दवाखान्यात." त्यानंतर पंधरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बोलली तेही 'आमच्या सिस्टरबाई' असं करूनच.

सासूबाई गेल्या. नवमी चालू राहिली, ताक चालू राहिलं. माझं पुढं बाळंतपण झालं नाही आणि आक्काची मुलं तर आधीच झालेली, त्यामुळं नियम कपाटातल्या रेशमी साडीसारखा घडी घालून पडून होता. तो बाहेर निघाला तो आक्काच्या मुलीच्या पहिल्या बाळंतपणाला. तिचा नवरा चितेगावला कंपनीत आहे, तिथंच राहतात. सातव्यात आक्का जाऊन तिला घेऊन आली.

आता मी रिटायर झालेली आणि कुणाचं ऐकून घ्यायचं वय गेलेलं. पहिल्याच आठवड्यात मी खाली जाऊन सांगून टाकलं, "आक्का, या खेपेला पोरीला पाणी मी देणार. बाळ झालं की लगेच. तुला काय बोलायचं ते आत्ताच बोलून घे." आक्का भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "बघू," म्हणाली. आमच्या आक्काचा 'बघू' म्हणजे दार लावून आतून कडी घातल्यासारखा असतो. मग मी रक्ताचं पुराण पुन्हा काढलं, तिनं सासूबाईंचं पुराण काढलं, आणि आवाज चढले. पोरगी पोटावर वाटी ठेवून आइस्क्रीम खात होती. "तुमचं ठरलं की मला सांगा," ती म्हणाली, "तोवर मी हे संपवते."

तिला मी वर बोलावून घेतलं आणि शपथ घातली. मला भीती पाण्याची नव्हती. पाण्याला आमच्या बायकांनी चहाची पळवाट कधीच शोधली होती. मला भीती वेगळीच होती. या घरात वाढलेली मुलगी तहान लागली तर बोलत नाही. बाळंतिणीनं पाणी मागणं म्हणजे हावरटपणा, हे तिनं दर नवमीला ऐकलेलं. मी तिला म्हटलं, "तहान लागली तर सांगायचं. लाजायचं नाही, दम धरायचा नाही. मी असेन तर मला, मी नसेन तर आईला, आई ऐकत नसेल तर जी दिसेल त्या नर्सला. दहा वेळा लागली तर दहा वेळा सांगायचं." ती हसली. मी म्हटलं, हसू नको, माझ्या हातावर हात ठेव. तिनं ठेवला.

श्रावणात, एका गुरुवारी सकाळी, ती बाळंत झाली. खाजगी दवाखाना, डॉक्टरीणबाई हुशार, सगळं नीट. मुलगी झाली. खोलीत आणल्यावर मी सगळ्यांच्या देखत, म्हणजे आक्काच्या देखत, पोरीला ग्लासभर पाणी पाजलं. आक्कानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड केलं, पण अडवलं नाही. सिस्टर येऊन पोट बघून गेली, कपडे बघून गेली, मीही बघितलं. पोट घट्ट, रक्त बेताचं, नाडी ठीक. मी खूश. खरं म्हणजे मला विजय मिळाल्यासारखं झालं होतं. दुपारी एकच्या सुमाराला मी म्हटलं, मी घरी जाऊन डबा घेऊन येते, आणि रिक्षा करून हर्सूलला आले. मेथीची भाजी, मऊ भात, तूप. डबा भरताना मी गुणगुणत होते, हे मला पक्कं आठवतं आणि आठवलं की आजही मला स्वतःचा राग येतो. मी ग्लासभर पाण्याला लढाई समजले होते, आणि ती जिंकून घरी आले होते.

परत आले तेव्हा अडीच वाजले होते. आक्का खुर्चीत बसून नातीला मांडीवर घेऊन बोलत होती. पोरगी डोळे मिटून पडलेली. मी डबा टेबलावर ठेवला.

"आलीस?" आक्का म्हणाली. "बघ बाई तुझ्या लाडकीला. तू सवय लावून गेलीस. दोन गिलास मी माझ्या हातानं दिले, तरी लई पानी पानी करायलीय."

शब्द तेच होते. सासूबाईंचेही तेच, सोयगावच्या म्हातारीचेही तेच.

मी पोरीजवळ गेले. ओठ पांढरे. कपाळावर हात ठेवला तर गार, ओला. डोळे न उघडता ती म्हणाली, "काकू, मी सांगितलं आईला. तीनदा सांगितलं." मी पांघरूण ओढलं. वरची चादर कोरडी होती म्हणून कुणाला काही दिसलं नव्हतं. खालची सगळी भिजलेली. पोटावर हात ठेवला, तर जिथं गर्भपिशवीचा घट्ट गोळा लागायला हवा तिथं भिजवलेल्या कणकेसारखं मऊ.

वय झालं तरी हात विसरत नाहीत. मी एका हातानं पोट चोळायला लागले आणि दाराकडे तोंड करून ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही, पण दवाखान्यातली आया धावत आली, आत बघितलं आणि "सिस्टर कू बुलाती, अम्मा, छोडो मत," म्हणत तशीच उलटी पळाली. मी सोडणार नव्हतेच. सिस्टर आली, दुसरी आली, डॉक्टरीणबाई जेवणावरून उठून हात पुसत आल्या. इंजेक्शन, सलाईन, दुसऱ्या हाताला दुसरं सलाईन. रक्ताच्या बाटलीसाठी माणूस पळाला. माझ्या हाताखाली गोळा घट्ट व्हायचा आणि पुन्हा सैल पडायचा.

तेवढ्यात आक्का पुढं आली. बाळ तिनं आयाकडं दिलं होतं आणि तिच्या हातात पाण्यानं भरलेला ग्लास होता. "देते, देते मी तिला पानी," ती म्हणाली, "सरक तू."

आणि मला तिला अडवावं लागलं. "नको आक्का," मी म्हटलं, "आत्ता एक घोटही नको. भूल द्यावी लागेल कदाचित." आयुष्यात आक्कानं माझं एकही म्हणणं एका शब्दात ऐकलेलं नाही. तेव्हा ती ग्लास घेऊन जागच्या जागी उभी राहिली. पोरीला थिएटरमध्ये नेलं, दार बंद झालं, तरी ती ग्लास धरून उभीच. मी तो तिच्या हातातून काढून घ्यायला गेले तर तिनं सोडला नाही.

बाळामागून पडणाऱ्या वारेचा एक तुकडा आत राहून गेला होता, लहानसा, बघितला तर कुणाला वाटणार नाही की एवढ्यानं माणूस जातं. तो काढला आणि रक्त थांबलं. दोन बाटल्या रक्त चढवलं. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन मला म्हणाल्या, "अजून अर्धा तास गेला असता तर अवघड होतं. तुम्हाला कसं कळलं?" मी म्हटलं, तिनं पाणी मागितलं. त्यांनी मान हलवली. त्यांना ते पुरलं.

सहा वाजता पोरगी डोळे उघडून बोलायला लागली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता थोडं थोडं पाणी द्या. आक्कानं चमचा घेतला. एक एक चमचा करत तिनं अर्धा ग्लास पाजला आणि दर चमच्याला विचारत होती, "अजून पायजे? पायजे तर सांग." पोरीला हसू आलं. "आई, पुरे," ती म्हणाली, "आता नको." तरी आक्का चमचा धरून बसली होती.

त्या दिवसाबद्दल आक्का नंतर काही बोलली नाही. मीही 'मी सांगत नव्हते का' असं म्हटलं नाही, आणि माझ्यासारखीला हे किती जड गेलं असेल ते मला ओळखणाऱ्यांनी ताडावं. पण म्हणायला मला तोंडच नव्हतं. सगळं माहीत असून मी डबा आणायला गेले होते. पाणी आक्कानं दिलं होतं, सासूबाईंचा शब्द मोडून तिनं पोरीला दोन ग्लास पाजले होते. तिला पुढचं माहीत नव्हतं, मला माहीत होतं.

भाद्रपदातली नवमी आली तेव्हा पोरगी अजून आमच्याकडेच होती. सवा महिना होऊन गेला होता, गालांवर रंग आला होता, बाळ बाळसं धरत होतं. सकाळपासून आक्काचं पुरण चाललेलं. सवाष्ण म्हणून गल्लीतलीच एक नवी सून सांगितली होती. ती यायला अवकाश होता. मी पानं मांडत होते. आक्का देवघरासमोर टाक घासत बसली होती, चिंच लावून, मग राख लावून, मग मऊ फडक्यानं. नेहमीपेक्षा जास्तच वेळ घासत होती. मग माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "तव्हा कुणी हिला पानी पाजलं असतं तर वाचली असती का गं?"

नर्सची नोकरी केली की एक सवय लागते. नातेवाइकांना काय सांगायचं, किती सांगायचं, हे तोंडात तयार असतं. त्यातलं काहीही मी आक्काला सांगितलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "त्या काळात तिचं रक्त कुणालाच थांबवता आलं नसतं. पाण्यानं ती वाचली नसती."

आक्कानं टाक ताम्हणात ठेवला.

"पण तहानलेली गेली नसती," मी म्हटलं.

आक्का उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिनं माठातलं पाणी एका फुलपात्रात घेतलं. परत येऊन डोक्यावर पदर घेतला, टाक ताम्हणातून उचलून तळहातावर घेतला. पाण्यात बोट बुडवून तिनं ते त्या झिजलेल्या तोंडाला लावलं. एकदा, पुन्हा एकदा. आणि तिला नावानं हाक मारली. ते नाव मी पंचवीस वर्षांपूर्वी या घरात एकदाच उच्चारलं होतं, आणि त्याच दिवशी ती माझ्याशी बोलणं सोडून बसली होती.

"पी बाई," आक्का म्हणाली. "तू सांगितलंतंस. आमालाच कळलं नाय."

मग डोळे पुसून तिनं पाण्यानं भरलेला तांब्या सवाष्णीच्या पानाजवळ उजव्या हाताला ठेवला, आणि मला म्हणाली, "बघत काय बसलीस? ती यील आता. वाढायला घे."